परदेशातल्या काकाला मूल दत्तक देताना : अडलेली फाइल कुठे शोधायची आणि निवेदन कुणाला लिहायचं

दुबईहून, न्यू जर्सीहून किंवा लंडनहून फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "आमची फाइल दिल्लीत अडकलीय." बहुतेक वेळा ती दिल्लीत नसते. ती रत्नागिरीला, ओरोसला किंवा अलिबागला असते. कधी कधी तर अर्जदाराच्याच ईमेलमध्ये न उघडलेलं त्रुटीपत्र पडलेलं असतं. तरीही पहिलं निवेदन मंत्र्यांना जातं. मंत्र्यांच्या कार्यालयातून ते 'उचित कार्यवाहीस्तव' खाली उतरतं, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, मग पुण्याला महिला व बालविकास आयुक्तालयात आणि तिथून जिल्ह्यात, ज्या टेबलावर मूळ कागद पडलाय त्याच टेबलावर. या उतरंडीत महिने जातात. वर त्या टेबलावरच्या माणसाला वाटतं, आपली तक्रार झाली. म्हणून निवेदनाला हात घालण्याआधी फाइल नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधायचं.

इथे एकाच प्रकारच्या दत्तकाबद्दल लिहितो आहोत. मूल कोकणातल्या आईबापांचं, घेणारे नातेवाईक परदेशात. भावाचं मूल आपल्या मांडीवर घेणं ही इथली जुनी रीत, आणि परदेशातली नोकरीही आता बापाकडून मुलाकडे आलेली. पण मूल देशाबाहेर न्यायचं म्हटलं की घरचा निर्णय पुरत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ५६ नुसार वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणं किंवा त्याला हातभार लावणं गुन्हा आहे. कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे. २०१४ च्या शबनम हाश्मी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. दापोली, खेड, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या मुस्लिम घरांतून हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच सांगितलं. ही वाट घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. कायदा सक्ती करत नाही.

नातं कुठलं चालतं यावर सुरुवातीलाच निम्मा गोंधळ असतो. कलम २ मधल्या व्याख्येत काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच येतात. आपल्याकडे चुलत भावालाही 'भाऊ'च म्हणतात, आणि अर्जातही तसंच लिहिलं जातं. मग वंशावळ जोडली की दोघांचे वडील वेगळे निघतात. चुलत, आते, मामे नात्यांचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. अशी फाइल निवेदनाने हलत नाही, कारण ती अडलेली नसून बसतच नसते. उलट्या दिशेचंही तसंच. बहिणीचं अमेरिकेत जन्मलेलं, अमेरिकन नागरिक असलेलं मूल इथे दत्तक घ्यायचं असेल तर हा मार्ग लागू होत नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात जोडप्याची मागणी नाकारली. नातेवाइकांतल्या दत्तकाला एक सवलत मात्र आहे, जोडप्याच्या एकत्रित वयाची अट इथे लावत नाहीत. दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर वयाचा तक्ता पाहून पन्नाशीतले काका-काकू उगाच घाबरतात.

आता फाइलचा प्रवास. परदेशातले अर्जदार तिथल्या अधिकृत संस्थेकडून किंवा सरकारी यंत्रणेकडून गृहअभ्यास अहवाल, म्हणजे होम स्टडी (आपल्या घरची आणि परिस्थितीची तपासणी), करून घेतात. तशी यंत्रणा नसेल तिथे भारतीय वकिलातीमार्फत. मग केअरिंग्ज या सरकारी दत्तक पोर्टलवर नोंदणी. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, ते कागद जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठवतं आणि मुलाच्या घरचा कौटुंबिक पार्श्वभूमी अहवाल मागवतं. तो अहवाल पुन्हा कारामार्फत त्या देशाकडे जातो. तिकडून १९९३ च्या हेग कराराच्या (एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) अनुच्छेद ५ आणि १७ खालची पत्रं येतात. मग काराची पूर्वमंजुरी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, शेवटी अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक त्या कराराप्रमाणे झाल्याचा दाखला) आणि काराची ना-हरकत. भारताने हा करार २००३ मध्ये मंजूर केला, तेव्हापासून कागद दोन्ही देशांच्या यंत्रणांतून जावेच लागतात.

यात सगळ्यात जास्त काळ थांबतो तो जिल्ह्यातला कौटुंबिक अहवाल. कक्षातली माणसं थोडी, बरीचशी कंत्राटी, आणि जिल्हा लांबलचक. मंडणगडच्या एखाद्या वाडीत गृहभेटीला रत्नागिरीहून निघालं की अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात तर तारीखच ठरत नाही. भेट ठरलीच तर बाप मुंबईला असतो किंवा बोटीवर. अहवालाला आई आणि वडील दोघं समोर लागतात, दोघांची संमती स्वतंत्रपणे विचारली जाते. म्हणून भेटीची तारीख आपणच सुचवावी. गणपतीत किंवा शिमग्यात चाकरमानी घरी असतात, पण सरकारी सुट्ट्याही तेव्हाच. त्या आठवड्याच्या आधीचे किंवा नंतरचे दोन दिवस धरा आणि तसं महिनाभर आधी लेखी द्या.

दुसरा घोळ पत्त्याचा. आधारकार्डावर गावचं घर, आणि मूल शिकतं डोंबिवलीला. कारा आधारवरचा पत्ता पाहून फाइल रत्नागिरीला पाठवते, भेटीला गेलं की घराला कुलूप. कक्ष 'कुटुंब वास्तव्यास नाही' असा शेरा मारून मोकळा. ती फाइल परत दिल्ली, मग ठाणे. मूल आणि आईबाप खरोखर जिथे राहतात तोच जिल्हा नोंदणीच्या वेळी लिहायचा. गावच्या घराचा अभिमान बाजूला ठेवा.

गृहभेटीत समाजसेवक काय पाहतात? घर, आईबापांची मिळकत, इतर भावंडं, दत्तक देण्याचं कारण. आणि मुलाशी एकट्याने बोलतात. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची संमती लागते. इथे घरच्यांनी केलेली एक चूक फार महागात पडते. मुलाला सांगितलेलं असतं, "काकाकडे शिकायला जायचंय." मूल तेच बोलतं : "मी दहावीपर्यंत जाणार, मग परत येणार." समाजसेवक ते जसंच्या तसं लिहितात, आणि लिहायलाच हवं. अहवालातून अर्थ निघतो की हे दत्तक नसून परदेशी शिक्षणाची सोय आहे. तिथून पुढे फाइल कुणीही ओढली तरी पुढे जात नाही. मुलाला खरं काय ते, त्याच्या वयाला कळेल असं, आधी सांगितलेलं असलं पाहिजे. कागदापेक्षा हे काम जड आहे आणि त्याला घाई चालत नाही.

पैशाचंही तसंच. आदेश देताना मोबदल्याची देवाणघेवाण झालेली नाही याची जिल्हाधिकाऱ्यांनी खात्री करायची असते, कलम ६१ तसं सांगतं. परदेशातल्या भावाने घराच्या स्लॅबसाठी पाठवलेली रक्कम त्याच महिन्यांत पासबुकात दिसली तर विचारणा होऊ शकते. पैसे कशाचे, याची बिलं बाजूला काढून ठेवा.

नावांचा घोळ कोकणात खास. लग्नानंतर बाईचं नावच बदलतं, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर सुगंधा, रेशनकार्डावर सुप्रिया. एका भावाचं आडनाव पाटील, दुसऱ्याने पासपोर्ट काढताना गावावरून '-कर' लावलेलं. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मराठीत एक आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुसरं. नातं सिद्ध करायला आजोबांपासून खाली येणारी वंशावळ लागते. ती शपथपत्रावर करून तलाठ्याकडून (हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) पडताळून घ्यायची. तिच्यात प्रत्येक माणसाचं नाव पासपोर्ट किंवा आधारवर आहे तसंच लिहायचं, आणि दुसरं नाव 'ऊर्फ' घालून तिथेच जोडायचं. बाईच्या नावबदलाला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. 'एकच व्यक्ती' असल्याचं शपथपत्र नंतर त्रुटी निघाल्यावर देण्यापेक्षा पहिल्याच गठ्ठ्यात घाला, एक फेरी वाचते.

परदेशी कागदांना अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं त्या देशाच्या सरकारचं प्रमाणन, लागतं. अमेरिका, ब्रिटन, ओमान, बहारीन अपोस्टिलच्या करारात आहेत, कॅनडाही जानेवारी २०२४ पासून. अमिराती आणि कुवेत नाहीत, तिथल्या कागदांना वकिलातीच्या साक्षांकनाची जुनी साखळी. हे उलटसुलट झालं की पोर्टलवर फक्त 'कागदपत्र अमान्य' एवढंच दिसतं. गृहअभ्यास अहवाल तीन वर्षं चालतो. आपली फाइल दीड वर्ष पडून असेल तर ती तारीख डोळ्यांसमोर हवी, कारण अहवाल संपला की जिल्ह्यातलं सगळं झालेलं असूनही फाइल थांबते.

सगळ्यात अवघड प्रकरणं म्हणजे आधीच दत्तकपत्र करून बसलेली. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ खाली दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवता येतं, एका दिवसात होतं, वकीलही तेच सुचवतात. देशातल्या देशात ते पुरतं. पण परदेशी न्यायचं तर सप्टेंबर २०२१ पासून दत्तकाच्या केंद्रीय नियमात स्वतंत्र तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी, त्या देशाच्या यंत्रणेचं पत्र, आणि मगच काराची ना-हरकत. अमेरिकेसाठी तर क्रमच उलटा हवा. तिथे आधी आय-८००ए, मग आय-८०० (हे तिथल्या स्थलांतर खात्याचे अर्ज) आणि त्याला तात्पुरती मंजुरी, आणि नंतर दत्तक. इथे दत्तकपत्र आधी झालेलं असतं, आणि १९५६ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एकदा झालेलं वैध दत्तक रद्द करता येत नाही. दोन्हीकडून दार बंद. शिवाय अमेरिकेच्या व्याख्येत जन्मदाते दोघं हयात असतील तर ते मुलाचा नीट सांभाळ करण्यास असमर्थ आहेत असं दाखवावं लागतं. आपल्याकडचा कौटुंबिक अहवाल मात्र लिहितो, 'कुटुंब सुस्थितीत, आंबा-काजूची बाग, घर पक्के.' ही फाइल कुठल्याही कार्यालयाने अडवलेली नाही. अमेरिकेतल्या काकाने गावाला फोन करण्याआधी तिथल्या वकिलाला दोन डॉलर जास्त मोजलेले बरे.

जिल्हाधिकाऱ्यांचा टप्पा त्या मानाने स्पष्ट आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, अपर जिल्हाधिकारीही देऊ शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जातो आणि दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. काही वकिलांच्या संगणकात अजून जुनाच मसुदा आहे, 'मे. जिल्हा न्यायाधीश यांचे न्यायालयात' असं शीर्षक असलेला. तो तसाच गेला तर परत येतो. आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात, आणि ते चार आठवड्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. अपील आदेशावर असतं, शांततेवर नाही. आदेशच निघत नसेल तर आयुक्तांकडे अपील दाखल करून काही होत नाही. तिथे दोन महिने उलटल्याची तारीख दाखवणारं पत्र आधी जिल्हाधिकाऱ्यांनाच द्यायचं.

आता निवेदन. आम्ही पाहिलेली बहुतेक निवेदनं चार पानांची, पहिली दोन पानं भावनांची, आणि मागणी एकच : 'लवकरात लवकर न्याय मिळावा.' यावर कुणी काय करायचं? ज्या निवेदनांना उत्तर आलं ती अर्ध्या पानाची होती. कक्षाला लिहायचं असेल तर असं :

"विषय : नातेवाइकांतील आंतरदेशीय दत्तक, नोंदणी क्र. …, कौटुंबिक पार्श्वभूमी अहवाल सादर होण्याबाबत.
संदर्भ : १) काराचे दि. … चे पत्र. २) आमचे दि. … चे त्रुटीपूर्तता पत्र, आवक क्र. …
महोदय, संदर्भ १ अन्वये आपल्या कार्यालयाकडून अहवाल मागवण्यात आला आहे. गृहभेट दि. … रोजी झाली. दाखवलेल्या दोन त्रुटींची पूर्तता संदर्भ २ अन्वये केली आहे. त्यास आज … दिवस झाले असून अहवाल पोर्टलवर दिसत नाही. अर्जदारांच्या गृहअभ्यास अहवालाची मुदत दि. … रोजी संपत आहे. तरी अहवाल सादर करावा, अथवा आणखी त्रुटी असल्यास ती लेखी कळवावी, ही विनंती."

शेवटच्या वाक्यातलं 'अथवा' फार कामाचं. खरी अडचण काहीतरी वेगळीच असेल, एखादा दाखला गहाळ झाला असेल, सही करणारं पद रिक्त असेल, तर ती या 'अथवा'तून कागदावर येते. मग पुढचं पत्र त्या अडचणीबद्दल, योग्य माणसाला. निवेदनावर सही मुलाच्या इथल्या आईवडिलांची असावी. ते जिल्ह्याचे रहिवासी, त्यांना समोर बसवून बोलता येतं. ना-हरकतीचा अर्जही बाल न्याय कायद्याच्या कलम ६० प्रमाणे जन्मदाते किंवा दत्तक घेणारे, कुणीही करू शकतात, त्यासाठी काकाला रजा काढून यायचं कारण नाही. प्रत दोन घेऊन जा, टपाल शाखेत आवक शिक्का आणि क्रमांक आपल्या प्रतीवर मारून घ्या. "साहेबांच्या हातात दिलंय" याला पुरावा म्हणत नाहीत. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक. माहितीस्तव प्रत पुण्याच्या आयुक्तालयाला लावायची ती दुसऱ्या स्मरणपत्रापासून; पहिल्याच पत्रावर लावली तर जिल्ह्यातली मंडळी दुखावतात, आणि अहवाल शेवटी त्यांनीच लिहायचा असतो.

दिल्लीत खरोखर अडलं असेल तर केंद्राचं सार्वजनिक तक्रार पोर्टल वापरा आणि महिला व बालविकास मंत्रालय निवडा. निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे. उत्तर बहुधा 'जिल्ह्याकडून अहवाल अप्राप्त' असं एका ओळीचं येतं, आणि लोक चिडतात. चिडू नका, तेच उत्तर छापून जिल्ह्याला जोडा. माहिती अधिकारात राज्याच्या कार्यालयाकडे एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'माझं काम का झालं नाही' असं विचारू नये, कारण 'का' ही माहिती नव्हे म्हणून अर्ज परत येतो. अमुक तारखेपासून आजपर्यंत फाइल कुठल्या पदाकडे किती दिवस होती, आणि टिपणीच्या प्रती, एवढंच मागा. उत्तर तीस दिवसांत, न आल्यास पहिलं अपील. लोकशाही दिनाचा, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारचा, मार्ग आमच्या मते इथे बरा नाही. सभागृह भरलेलं असतं आणि दत्तकाची कार्यवाही बंद दाराआड व्हायची असते.

खासदारांचं पत्र उपयोगी पडतं, पण बरोबर खासदारांचं. दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला रायगडमध्ये येतात. त्या भागातली कुटुंबं रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांच्या कार्यालयात दोन चकरा मारून येतात, मग कळतं. पत्रात मुलाचं नाव, शाळा, फोटो नको, फक्त नोंदणी क्रमांक. समाजमाध्यमांवर तर नकोच. बाल न्याय कायद्याखालच्या प्रकरणांत मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची बंदी आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. 'आमच्या बाळाला न्याय द्या' म्हणून गणवेशातला फोटो टाकणारे आपलीच बाजू लंगडी करतात.

सगळं करून शांतताच असेल तर उच्च न्यायालयात रिट. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच. न्यायालय साधारणपणे 'अमुक आठवड्यांत निर्णय घ्या' असं सांगतं. ना-हरकत द्या असं नाही. आवक शिक्के मारलेल्या प्रतींचा गठ्ठा तेव्हा कामाला येतो.

ना-हरकत हातात आली की जन्मदाखल्याचं काम उरतं, आणि ते जिथे जन्म नोंदला त्याच कार्यालयात, आदेशाची प्रमाणित प्रत लावून. दाखल्यावर आता काका-काकू आईवडील म्हणून येतात. पासपोर्टचा अर्ज त्यानंतरच भरायचा. घाईने जुन्या दाखल्यावर भरला तर व्हिसाच्या खिडकीत बापाचं नाव वेगळं दिसतं आणि पुन्हा पहिल्यापासून शपथपत्रं सुरू. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि आधार त्याच आठवड्यात बदलून घ्या. आणि कलम ६० चं तिसरं पोटकलम काकांना वाचून दाखवा : मुलाचा जन्मदात्या आईवडिलांशी आणि भावंडांशी वेळोवेळी संपर्क राहील याची सोय दत्तक घेणाऱ्यांनी करायची आहे.